टॅली क्लाउडवर नेताना: रिमोट डेस्कटॉप, की टॅली आपल्या पीसीवर आणि फक्त डेटा सर्व्हरवर?

तुमची परिस्थिती अशी: पुण्यात ऑफिस, कोल्हापूरला गोडाऊन, टॅलीप्राइम गोल्ड (एकाच वेळी अनेकांना वापरता येणारं टॅलीचं लायसन्स), नऊ जण काम करणारे, आणि मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा विंडोज सर्व्हर. एक व्हेंडर सगळ्यांना रिमोट डेस्कटॉप (टॅली सर्व्हरवरच चालवून तिचा पडदा आपल्या पीसीवर बघायची सोय) द्यायला सांगतोय. दुसरा म्हणतोय, व्हीपीएन (इंटरनेटवरून सर्व्हरशी सुरक्षित खासगी जोडणी) टाका, टॅली ज्याच्या त्याच्या पीसीवर राहू द्या आणि डेटाचं फोल्डर तेवढं सर्व्हरवरून मॅप करा. दुसरं स्वस्त पडतंय. तरी तुमच्यासाठी रिमोट डेस्कटॉपच घ्या.

टॅलीचा डेटा म्हणजे फोल्डरमधल्या फायली. स्टॉक समरी उघडली की तुमच्या पीसीवरची टॅली त्या फायलींचे छोटे छोटे तुकडे एकामागून एक मागवते. समजा एका रिपोर्टला असे ३,००० हेलपाटे पडले. ऑफिसच्या लॅनवर एका हेलपाट्याला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे दीड सेकंदात काम झालं. पुणे-मुंबई व्हीपीएनवर तोच हेलपाटा २० मिलिसेकंदांचा झाला की रिपोर्टला पूर्ण एक मिनिट लागेल. इथे लाइन १०० एमबीपीएसवरून ३०० केल्याने काहीच फरक पडत नाही, कारण वेळ जातो तो जाण्यायेण्यात. रिमोट डेस्कटॉपमध्ये टॅली डेटाच्या शेजारीच चालते आणि तुमच्याकडे फक्त पडद्याचं चित्र येतं. त्याला माणशी साधारण १५०-२०० केबीपीएस पुरतात.

वेगापेक्षाही मोठा धोका लाइन तुटण्याचा आहे. मॅप केलेल्या फोल्डरवर व्हाउचर सेव्ह होत असताना व्हीपीएन पडलं, तर फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते आणि मग डेटा रिपेअर करत बसावं लागतं. रिमोट सेशनमध्ये लाइन गेली तर सेशन फक्त सुटतं. परत जोडलात की अर्धवट भरलेलं व्हाउचर तसंच समोर असतं. मात्र सुटलेलं सेशन किती वेळाने बंद करायचं, ही सर्व्हरवरची पॉलिसी दोन-तीन तासांवर ठेवा. १५ मिनिटं ठेवलीत तर अर्धवट एंट्र्या उडतील, आणि मर्यादाच नसेल तर जुनी सेशन्स रॅम अडवून बसतील.

कोटेशनमध्ये रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स आहेत का, ते आधी बघा. विंडोज सर्व्हर फुकटात दोनच सेशन्स देतो आणि तीही कारभारासाठी. जास्त लोकांसाठीची सेवा लायसन्सशिवाय १२० दिवस चालते आणि मग दार बंद होतं. फार स्वस्त कोटेशनमध्ये गोम बहुतेक इथेच असते. आणखी एक खाच: सर्व्हर २०१९ किंवा त्यापुढचा असेल, डोमेनमध्ये (कंपनीचे सगळे युजर आणि पीसी एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) नसेल आणि लायसन्स ‘पर युजर’ (माणसागणिक) लावली असतील, तर दर ६० मिनिटांनी सेशन तुटतं. अशा ठिकाणी ‘पर डिव्हाइस’ (पीसीगणिक) घ्यावीत, नाहीतर डोमेन करावं.

३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं सर्व्हरवरचं दार, इंटरनेटवर उघडा ठेवू देऊ नका. पोर्टचा नंबर बदलणं हा उपाय नव्हे, स्कॅनरला तो सापडतोच. व्हीपीएनच्या आत ठेवा, नाहीतर ४४३ पोर्टवर गेटवे (आत सोडण्याआधी तपासणारा मधला सर्व्हर) लावा, आणि दोन्हींत ओटीपी हवाच. उघडा ३३८९ ही रॅन्समवेअर (डेटाला कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस) शिरायच्या सर्वांत रुळलेल्या वाटांपैकी एक आहे.

रॅमचा माझा अंदाज: सिस्टिमला ४ जीबी आणि फक्त टॅली वापरणाऱ्या माणसाला १ जीबी, म्हणजे तुम्हाला १६ जीबी पुरेल. सर्व्हरवर ब्राउझर मात्र देऊ नका, सगळं गणित तिथेच कोसळतं. जीएसटी पोर्टल आपापल्या पीसीवरच उघडा. डीएससी टोकनचाही (डिजिटल सहीच्या यूएसबीचा) प्रश्न त्याने सुटतो. सर्व्हरच्या यूएसबीत खोचलेलं टोकन रिमोट सेशनला दिसत नाही, तुमच्या पीसीला लावलेलं दिसतं. तेही त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर सर्व्हरवर घातलेलं असेल तरच. जीएसटी रिटर्नसाठी एक्सपोर्ट केलेली जेसन फाइल ‘सापडत नाही’ अशी तक्रार हमखास येईल, कारण ती सर्व्हरच्या ड्राइव्हवर पडलेली असते. स्थानिक ड्राइव्ह सेशनमध्ये जोडून टॅलीचा एक्सपोर्टचा मार्ग एकदाच तिकडे वळवून ठेवा.

खरी डोकेदुखी गोडाऊनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची. रिमोटमधला ‘ईझी प्रिंट’ पान चित्र म्हणून पाठवतो, त्यामुळे प्रिंटर एकेक ओळ घासत बसतो. प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर सर्व्हरवर टाका आणि ईझी प्रिंटला प्राधान्य देणारी पॉलिसी बंद करा. बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखाच चालतो, त्याची चिंता नको. नावं मराठीत टाइप करणार असाल तर मराठी कीबोर्ड सर्व्हरवरही बसवून घ्या.

कोल्हापूरला काउंटरवर रोख बिलं फाडली जात असतील आणि तिथलं नेट बेभरवशाचं असेल, तर त्या एका जागेसाठी माझं मत वेगळं आहे. तिथे वेगळं लायसन्स घेऊन स्थानिक टॅली ठेवा आणि डेटा सिंक करा. गिऱ्हाईक समोर उभं असताना नेटची वाट बघणं परवडत नाही. नुसती आवक-जावक नोंदवायची असेल तर रिमोट आणि जोडीला मोबाइल हॉटस्पॉट एवढं पुरे.

हे सगळं टॅलीसारख्या, फायलींवर थेट हात घालणाऱ्या सॉफ्टवेअरला लागू. एसएपी बिझनेस वनचा विंडोज क्लायंटही डेटाबेसशी असाच सतत बोलतो, त्यालाही रिमोटच बरं. ईआरपीनेक्स्ट किंवा झोहो बुक्स ब्राउझरमध्ये चालतात, तिथे रिमोट डेस्कटॉपवर पैसे घालवू नका.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. व्हेंडरचा बॅकअप कुठल्या शहरात पडतो ते लेखी घ्या.

पैसे भरण्याआधी दोन्ही व्हेंडरांकडे तुमच्याच डेटाची कॉपी चढवून एक दिवसाची चाचणी मागा. चार जणांनी एकाच वेळी वर्षभराची स्टॉक समरी उघडायची आणि मोबाइलवर वेळ मोजायची. मग व्हाउचर सेव्ह करताना राउटरची वायर उपसायची. हे चाचणीच्या कॉपीवरच करा, चालू डेटावर नको.