दरमहा ९९ रुपयांचे होस्टिंग प्रत्यक्षात कितीला पडते?

प्रश्न : डोंबिवलीत आमचा घरगुती दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे आणि निम्म्याहून अधिक मागणी परदेशातील मराठी कुटुंबांकडून येते. तीन वर्षांपूर्वी ‘दरमहा ९९ रुपये’ अशी जाहिरात पाहून आम्ही वेबसाइटसाठी होस्टिंग, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर भाड्याची जागा, घेतले आणि तीन वर्षांचे सुमारे ४,२०० रुपये एकरकमी भरले. आता पुढील तीन वर्षांसाठी कंपनीने १६,९४९ रुपये मागितले आहेत. शिवाय गेल्या वर्षी परदेशी पार्सलांची शेवटची तारीख तोंडावर आलेली असताना, ऑर्डर देणाऱ्यांना ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असा संदेश दिसू लागला आणि दोन दिवस आम्ही फोनवरच ऑर्डर लिहून घेतल्या. ही फसवणूक आहे का, आणि आता काय करावे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी हिशेब मांडू. ९९ रुपयांप्रमाणे ३६ महिन्यांचे ३,५६४ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४,२०५ रुपये होतात. ते आपण भरले. आताची मागणी दरमहा ३९९ रुपयांची आहे. तिचे ३६ महिन्यांचे १४,३६४ रुपये आणि कर मिळून १६,९४९ रुपये होतात. दोन्ही रकमा एकत्र करून ७२ महिन्यांत वाटल्या, तर आपले होस्टिंग करासह दरमहा सुमारे २९४ रुपयांना पडते. हाच त्याचा खरा दर आहे. ९९ हा केवळ पहिल्या खरेदीचा दर होता, आणि तोही तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरणाऱ्यासाठी. नूतनीकरणाचा दर खरेदीच्या पानावर बारीक अक्षरांत बहुधा दिलेला असतो, त्यामुळे कायद्याच्या भाषेत याला फसवणूक म्हणणे कठीण आहे. पण मोठ्या अक्षरांत एक आकडा आणि बारीक अक्षरांत त्याच्या चौपट आकडा छापणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

या रकमेत आणखी एक धोका दडलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटो-रिन्यूअलसारख्या, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या, व्यवहारांत १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय खात्यातून वळती होऊ शकते. त्यापुढे प्रत्येक वेळी आपली संमती लागते. ‘ऑटो-रिन्यूअल चालू आहे’ असे समजून आपण निर्धास्त राहिलात, तर १६,९४९ रुपये आपोआप कापले जाणार नाहीत आणि मुदत संपताच वेबसाइट बंद पडेल. आपल्या व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल, तर इन्व्हॉइसवर आपला जीएसटी क्रमांक आला आहे ना, हेही पाहावे. तो नसल्यास कराची वजावट मिळत नाही. कंपोझिशन योजनेतील (लहान व्यावसायिकांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) व्यावसायिकांना ती तशीही मिळत नाही, त्यामुळे त्यांनी करासहितचाच दर खर्चात धरावा.

आता त्या संदेशाकडे वळू, कारण आपला खरा तोटा तिथे झाला आहे. आपल्यासारख्या स्वस्त, म्हणजे शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर (कंपनीच्या संगणकावर) शेकडो वेबसाइट असतात आणि प्रत्येकीला प्रोसेसर, मेमरी व एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया यांची मर्यादा ठरवून दिलेली असते. चकली-चिवड्याचे फोटो नुसते पाहणाऱ्यांचा भार फारसा पडत नाही, कारण ती पाने आधीच तयार करून ठेवता येतात. मात्र ‘कार्ट’ आणि पैसे भरण्याचे पान प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने तयार करावे लागते आणि प्रत्येक वेळी एक प्रक्रिया अडकून राहते. समजा, रात्री नऊला कोणी आपला दुवा एखाद्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात पाठवला आणि पन्नास जणांनी एकदमच ऑर्डर द्यायला घेतली. मर्यादा वीस प्रक्रियांची असेल, तर उरलेल्यांना नेमका तो संदेश दिसतो. म्हणजे जे नुसते पाहायला आले त्यांना वेबसाइट सुरळीत दिसते आणि जे पैसे द्यायला आले ते परत जातात. सीपॅनलमधील (होस्टिंग सांभाळण्यासाठी कंपनीने दिलेल्या नियंत्रण पानांमधील) ‘रिसोर्स युसेज’ या पानावर ही मर्यादा किती वेळा गाठली गेली त्याची नोंद मिळते. त्या दोन दिवसांच्या तारखा तिथे नक्की पाहाव्यात.

‘अनलिमिटेड’ या शब्दावरही विसंबू नये. जागा अमर्याद म्हटली तरी फाइलींच्या संख्येवर, म्हणजे ‘आयनोड’वर, मर्यादा असतेच. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचे सॉफ्टवेअर एका फोटोच्या वेगवेगळ्या आकारांच्या अनेक प्रती बनवते. त्यामुळे अनारशाचा एक फोटो चढवला की पाच-सहा फाइली वाढतात, आणि मेलबॉक्समधील प्रत्येक पत्रही बहुधा स्वतंत्र फाइल म्हणून मोजले जाते. मर्यादा संपली की ‘वरची योजना घ्या’ असे सुचवले जाते.

बॅकअपबाबत मी अधिक आग्रही आहे. स्वस्त योजनांत बॅकअप वेगळा विकला जातो, किंवा तो फुकट असला तरी परत बसवून देण्याचे शुल्क घेतात. तो कुठे ठेवला जातो, हा प्रश्न तर बहुतेक ग्राहक विचारतच नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत जळाली आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. आपल्या बाबतीत सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे तीन वर्षांत जमलेली ग्राहकांची यादी आणि त्यांचे पत्ते. त्याची प्रत आठवड्यातून एकदा स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी.

एक खर्च मात्र आपण निश्चित टाळू शकता. एसएसएल प्रमाणपत्रासाठी (ज्यामुळे ग्राहक आणि वेबसाइट यांच्यातील माहिती गुप्त राहते) वेगळे पैसे मागितले, तर देऊ नयेत. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था ते विनामूल्य देते, आणि कार्डाची माहिती पेमेंट गेटवेच्या पानावर भरली जात असल्याने आपल्याला तेवढे पुरते.

स्वस्त होस्टिंग घेणे ही चूक नव्हती. चार पानांची माहिती देणाऱ्या शिकवणी वर्गाला किंवा दवाखान्याला ते वर्षानुवर्षे पुरते. आपला व्यवसाय मात्र दीड महिन्यात वर्षाची कमाई करणारा आहे. म्हणून तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नका. एक वर्षाचा दर विचारा, हंगामाचे तीन महिने वरची योजना घेऊन नंतर खाली येता येते का, ते लेखी विचारा, आणि उत्तर नकारार्थी आले तर गणपतीच्या पुष्कळ आधी वेबसाइट दुसरीकडे हलवा. हलवल्यावर पाच-सहा चाचणी ऑर्डर टाकून पाहा. त्यातली एक तरी परदेशातील नातेवाइकाला द्यायला सांगा.

प्रश्न : नाशिकला सातपूर एमआयडीसीत आमचे लहान मशीन शॉप आहे. होस्टिंगसोबत मिळालेल्या फुकट ईमेलवरून पाठवलेली कोटेशने ग्राहकांच्या स्पॅममध्ये जातात. एक काम तर त्यामुळेच हातचे गेले. — एक उद्योजक

उत्तर : त्या सर्व्हरवरील इतर अनेक वेबसाइट आपल्याच आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून) मेल पाठवतात. त्यांतील एकाने स्पॅम पाठवला, की पत्ता काळ्या यादीत जातो आणि आपले कोटेशनही अडकते. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक प्रेषकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक नोंद सक्तीची केली आहे. मेल खरोखर आपल्याच नावाने अधिकृतपणे आली आहे, हे या नोंदींवरून पडताळता येते. सीपॅनलच्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ या पानावर त्या नोंदी तपासाव्यात आणि दोन्ही करून घ्याव्यात. तरीही फरक पडला नाही, तर मेल स्वतंत्र सेवेकडे न्यावी. तिथे दर मेलबॉक्सवर आकारला जातो, म्हणून मालक, खरेदी आणि हिशेब असे तीनच ठेवून बाकीचे पत्ते त्यांच्याकडे वळवावेत.

प्रश्न : आमची वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, स्वतःच्या खात्यावर घेतले आहे. ‘पहिले वर्ष फुकट’ होते म्हणून आम्ही लक्ष दिले नाही. आता काय करता येईल? — एक दुकानदार, मिरज

उत्तर : नोंदणीत ज्याचे नाव असते, डोमेन त्याचेच मानले जाते, म्हणून प्रथम नोंदणीधारकाच्या जागी आपले नाव आणि आपला ईमेल घालून घ्यावा. त्यानंतर ‘ऑथ कोड’ (डोमेन हलवण्यासाठी लागणारा गुप्त संकेतांक) मागून डोमेन स्वतःच्या खात्यात आणावे. डॉट कॉम हलवताना एका वर्षाचे शुल्क लागते, पण मुदतही एक वर्षाने वाढते. नवी नोंदणी किंवा नुकतेच झालेले स्थलांतर असल्यास ६० दिवस थांबावे लागते. मुदत जवळ आली असेल, तर हलवण्याच्या खटपटीआधी नूतनीकरण उरका, कारण मुदत उलटून डोमेन रद्द झाले, तर पुढील ३० दिवसांत ते सोडवून घेण्याचे शुल्क नेहमीच्या दराच्या अनेक पट असते. मागणी फोनवर न करता ईमेलने करावी आणि केलेल्या कामाची बाकी देणे असेल, तर ती त्याच वेळी चुकती करावी.