धडा पाठ आहे तरी बायोलॉजीत मार्क का जातात?

तू लिहिलंयस की प्रत्येक धडा तीन-तीन वेळा वाचतेस, पानं हायलाईट करून पिवळीधमक झालीयत, तरी टेस्टला निम्मेच मार्क, लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली "काहीच दिसत नाही" आणि रिपोर्टवर मॅडमचा शेरा "निष्कर्ष अपुरा". तुला ही तीन वेगळी दुखणी वाटतायत. मी बरीच वर्षं बायोलॉजी शिकवलं, लॅब सांभाळली, पेपरांचे गठ्ठे तपासले, आणि मला विचारशील तर दुखणं एकच आहे. तू विषय ओळखतेस पण तुझा तुला तो मांडता येत नाही. पुस्तक समोर असलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि त्या ओळखीलाच आपण "येतं" म्हणतो.

यावर २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. एका गटाने उतारा परत परत नुसता वाचला, दुसऱ्या गटाने एकदाच्या बैठकीत वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. आदल्या रात्री "सगळं झालं" वाटतं आणि पेपरात पाटी कोरी, त्याचं उत्तर यात आहे. म्हणून हायलाईटर ड्रॉवरमध्ये टाक. धडा झाला त्याच दिवशी कोरा कागद घे, दहा मिनिटं जे आठवतंय ते लिही, आकृत्या काढ, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भर, दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत. पहिल्यांदा कागद लालेलाल होईल, होऊ दे, ते लालच तुझा अभ्यास आहे, निळं तर तुला येतच होतं.

मियॉसिसचं (अंडपेशी, शुक्रपेशी बनताना होणारं पेशीविभाजन) घे, कारण सगळ्यात जास्त मार्क मी तिथे जाताना बघितलेत. फेजची नावं मुलं गाण्यासारखी म्हणतात, पण "माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोझोम, पहिलं विभाजन झाल्यावर प्रत्येक पेशीत किती?" विचारलं की अर्धा वर्ग ४६ म्हणतो. वाचून हे सुटत नाही, हाताने करावं लागतं. लाल आणि निळा दोरा घे, प्रत्येक रंगाचा एक लांब आणि एक आखूड तुकडा काप. हे झाले चार क्रोमोझोम, दोन जोड्या. आता प्रत्येकाची त्याच रंगाची कॉपी काप आणि मध्ये गाठ मारून दोघांना बांध. दोरे आठ झाले पण गाठी चारच, आणि क्रोमोझोम मोजायचे ते गाठीवरून, म्हणजे अजूनही चारच. मग लांबाशेजारी लांब, आखुडाशेजारी आखूड लाव आणि जोड्या फोड. एका बाजूला गाठी किती आल्या? दोन. निम्मे झाले ते इथेच, आणि गाठी अजून सुटलेल्याच नाहीत, त्या दुसऱ्या विभाजनात सुटतात. माणसात तेच ४६ चे २३. हा खेळ एकदा टेबलावर केलेल्या मुलाची गाडी मायटोसिस (शरीराच्या साध्या पेशींचं विभाजन) आणि मियॉसिसच्या फरकात अडकलेली मी तरी पाहिली नाही.

आता लॅब. "काहीच दिसत नाही" यात चूक बहुतेक वेळा एकच असते, डायरेक्ट ४० च्या लेन्सवर उडी. आयपीसवर, म्हणजे डोळा लावतो त्या लेन्सवर बघ, बऱ्याचदा १०×/१८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातल्या १८ ला खालच्या लेन्सच्या आकड्याने भागलं की तुला दिसणारं वर्तुळ किती मिलिमीटरचं आहे ते कळतं. ४ च्या लेन्सला ४.५ मिमी, १० ला १.८ आणि ४० ला फक्त ०.४५. स्लाईडवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान ठिपका आंधळेपणाने शोधणार तर तो सापडणार कसा? आधी ४ वर शोध, बरोबर मध्ये आण, मगच लेन्स वाढव, आणि ४० वर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावू नकोस, लेन्स कव्हरस्लिपवर (स्लाईडवरच्या पातळ काचेवर) आपटते (दर वर्षी किमान एक कव्हरस्लिप अशी शहीद व्हायची). स्लाईड डावीकडे सरकवलीस की चित्र उजवीकडे जातं हेही लक्षात ठेव. जाड काळ्या कडेचं एकदम गोल काहीतरी दिसलं तर ती पेशी नाही, हवेचा बुडबुडा आहे, कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच टेकवली की कमी येतात.

त्याच हिशोबात पेशीचं मापही निघतं. १० च्या लेन्सला वर्तुळाच्या व्यासात कांद्याच्या सहा पेशी लांबीने बसल्या तर एक पेशी साधारण ०.३ मिमी. हे रिपोर्टमध्ये स्वतः काढून लिहिलंस की तपासणारा खुश होतो, कारण बाकीचे पुस्तकातून आकृती उतरवतात. आणि उतरवलेली लगेच पकडली जाते बरं का, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशीत हिरवे क्लोरोप्लास्ट काढणारे महाभाग मला दर वर्षी भेटले. तो जमिनीखालचा भाग, तिथे क्लोरोप्लास्ट कुठून येणार! दिसलं तेच काढ, रेषा पेन्सिलने, शेडिंग नको.

"निष्कर्ष अपुरा" चं सांगते. तू बटाट्याच्या पट्ट्या साखरेच्या वेगवेगळ्या द्रावणांत ठेवून वजन केलंस आणि निष्कर्षात "यावरून ऑस्मोसिस (पेशीच्या पडद्यातून पाण्याची ये-जा) सिद्ध होते" एवढंच लिहिलंस, हो ना? आकडे तुझ्या तक्त्यात आहेत, निष्कर्षात एकही नाही. वजनातला फरक टक्क्यांत का काढला ते लिही (सुरुवातीला सगळ्या पट्ट्या सारख्या वजनाच्या नव्हत्या म्हणून). ग्राफची रेषा शून्याला कुठे कापते ते लिही, कारण त्या द्रावणात पाणी जितकं आत येतं तितकंच बाहेर जातं, म्हणजे बटाट्याच्या आतली आणि बाहेरची वॉटर पोटेन्शियल (पाणी कुठून कुठे सरकणार हे ठरवणारं माप) तिथे सारखी. आणि चुकांच्या रकान्यात "मानवी चूक" लिहू नकोस, त्याला शून्य किंमत आहे. "वजन करण्याआधी पट्ट्या सगळ्या सारख्या टिपल्या नाहीत, वरचं पाणी वजनात धरलं गेलं, त्यामुळे वाढ आहे त्यापेक्षा जास्त दिसली" असं लिही, म्हणजे चूक कोणती आणि तिने आकडा कुठल्या दिशेला ढकलला, दोन्ही.

आकडे बरोबर असून निष्कर्ष घसरणं ही काही तुझीच मक्तेदारी नाही. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट या शास्त्रज्ञाने विलोचं रोप कुंडीत लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड जवळपास ७४ किलोनी वाढलं, सुकवून तोललेली माती मात्र पन्नास-साठ ग्रॅमच कमी भरली. झाडाचं वजन मातीतून येत नाही हे त्याने बरोबर पकडलं, पण मग सगळं पाण्यातूनच येतं असं म्हणून मोकळा झाला. हवा त्याने हिशोबात धरलीच नाही, आणि लाकडातला कार्बन तर हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमधून आलेला. तुझ्या रिपोर्टला हाच प्रश्न विचार, मी काय मोजलंच नाही?

पेपरबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. "वर्णन करा" आणि "कारण द्या" यात गोंधळ नको. एन्झाईमचा ग्राफ देऊन वर्णन मागितलं तर तापमान वाढलं तसा वेग कुठपर्यंत वाढला आणि कुठून पडला ते आकड्यांसकट लिही, बस. कारण मागितलं की मगच रेणूंच्या धडका वाढणं, अॅक्टिव्ह साईटचा (एन्झाईमवर दुसरा रेणू येऊन बसतो त्या जागेचा) आकार बिघडणं वगैरे. आणि कृपा करून "एन्झाईम मेलं" लिहू नकोस, ते जिवंत नव्हतंच, प्रोटीन आहे, ते डिनेचर होतं, म्हणजे त्याचा आकार बिघडतो. थंडीत तर तेही होत नाही, वेग मंदावतो आणि गरम केलं की परत काम सुरू. तसंच "अँटिबायोटिकमुळे बॅक्टेरियांनी स्वतःला बदललं" हेही नको, काहींच्यात म्युटेशनमुळे रेझिस्टन्स आधीच होता, औषधाने बाकीचे मेले आणि हे वाढले. या एकेका वाक्यात मार्क अडकलेले असतात, आणि पाठांतर कितीही असलं तरी ते वाक्य स्वतः कधी लिहून बघितलं नसेल तर पेपरात चुकीचंच उमटतं.

जुने पेपर शेवटच्या महिन्यासाठी जपून ठेवू नकोस, धडा संपला की त्यावरचे प्रश्न लगेच सोडव आणि मार्किंग स्कीम मिळत असेल तर दुसऱ्याचा पेपर तपासतोय अशा कडकपणे स्वतःला मार्क दे.

आता असं कर, बटाट्याच्या प्रयोगाचा निष्कर्ष पुस्तक आणि जुना रिपोर्ट दोन्ही मिटून, फक्त आकड्यांचा तक्ता समोर ठेवून पुन्हा लिही आणि इथेच टाक. जमला नाही तरी टाक, कुठे अडतंय ते बघून सांगते.