स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, मग तिथल्या लोकांना इंग्रजी कशाला हवी?

घरात, बाजारात, सरकारी कचेरीत काहीच अडत नाही, हे खरं. अडतं ते पगारापाशी. कोस्टा रिकाचंच घ्या. १९९० च्या दशकात इंटेल तिथे आली, मागोमाग इतर अमेरिकी कंपन्यांची कामं, कॉल सेंटरं, वैद्यकीय उपकरणांचे कारखाने. तिथल्या नोकरीच्या जाहिरातीत 'बिलिंग्वे' हा शब्द दिसतो. अर्थ 'द्विभाषिक', पण दुसरी भाषा कोणती ते लिहायची गरजही पडत नाही. शिवाय घड्याळ अमेरिकेच्या मध्य भागाशी जवळपास जुळतं, म्हणजे आपल्या पुण्या-मुंबईच्या पोरांसारखी रात्रपाळी करावी लागत नाही! पर्यटकांतही सर्वांत मोठा गट अमेरिकनांचाच, त्यामुळे जंगल दाखवणाऱ्या गाइडलाही इंग्रजी लागते.

दुसरं कारण शिक्षणाचं. संशोधनाचे बहुतेक ताजे निबंध इंग्रजीत येतात. अनुवादाची वाट बघणारा मागे पडतो.

शिकायला मात्र स्पॅनिशवाल्यांना आपल्यापेक्षा सोपं. लिपी तीच, 'हॉस्पिटल', 'अ‍ॅनिमल'सारखे शब्द स्पेलिंगसकट तेच. उच्चाराला तेवढे अडखळतात: 'स्कूल'चं 'एस्कूल' होतं. आपल्या 'इस्कूल'चा सख्खा भाऊच तो.