तो जोर लावत नव्हता, आवळून धरत होता

मुलाला शी होत नाही म्हणून समुपदेशकाकडे कशाला जायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मानसीच्या नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. (नाव बदललंय, तपशीलही थोडे बदललेत आणि तिला विचारूनच लिहितेय.) त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र औषधासोबत चिठ्ठी दिली होती की एकदा काउन्सिलिंगला जाऊन या, कारण तपासण्या सगळ्या ठीक होत्या, पोरगं वजनात होतं, पण घरात रोज सकाळ-संध्याकाळ एकच विषय चालू होता. मी ठाण्यात नौपाड्याला समुपदेशक म्हणून बसते, ती राहते घोडबंदरला कासारवडवलीकडे आणि ऑफिस ऐरोलीला, म्हणजे हाफ डे टाकून ट्रॅफिक करत आली बिचारी. सोबत साडेपाच वर्षांचा ओजस आणि एक मोबाइल, ज्यात कित्येक महिन्यांच्या शीच्या तारखा आणि फोटो होते.

तिचे प्रश्न तेच, जे मला खूप आया विचारतात. हे असं किती दिवस चालणार, आतड्याला काही होणार तर नाही ना, आणि माझं नेमकं कुठे चुकलं. तिसरा प्रश्न विचारताना आवाज बदलतो, तिचाही बदलला.

आम्ही बोलत असताना ओजस कोपऱ्यात ब्लॉक्स लावत होता, मधेच ते सोडून खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. टाचा वर, पाय एकमेकांत घट्ट, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरलेली, मान खाली आणि कान लालबुंद. मानसी ताडकन उठली, "बघा मॅडम, हे असं, इतका जोर लावतो पण होतच नाही, चल बाळा, टॉयलेटला चल, जोर लाव." तो अजूनच आक्रसला. मी तिला म्हटलं दोन मिनिटं काही बोलू नका, नुसतं बघा. थोड्या वेळाने त्याच्या टाचा खाली आल्या, त्याने मोठा श्वास सोडला आणि परत जाऊन ब्लॉक्स लावायला लागला.

तो जोर लावत नव्हता, तो शी आत धरून ठेवत होता. शी करायची असेल तर मूल उकिडवं बसतं, गुडघे पोटाशी घेतं. पाय आवळून चवड्यांवर उभं राहिलेलं, पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात लपलेलं मूल बहुतेक वेळा शी रोखत असतं, आणि आपण बाजूला उभं राहून जोर लाव जोर लाव करत असतो. मानसी हे ऐकून गप्पच बसली, मग म्हणाली, "म्हणजे त्याला कळतं की आलीय?" कळतं, आणि भीती वाटते म्हणून तो धरतो.

भीती कुठून आली ते शोधायला फार खोदावं लागलं नाही. सिनिअर केजी सुरू झालं तेव्हा ताप आला होता, दोन-तीन दिवस खाणंपिणं नीट नव्हतं, त्यानंतर एकदा शीचा खडा झाला, शीच्या जागी चीर पडली, कमोडमध्ये रक्ताचा थेंब दिसला आणि पोरगं किंचाळलं. त्याच्यासाठी हिशोब सोपा होता, शी केली की दुखतं, मग करायचीच नाही. पण धरून ठेवलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, ती अजून कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी अजून दुखतं, आणि मूल म्हणतं बघा मी बरोबरच होतो. वरचं खाणं सुरू होतं तेव्हा, डायपर सोडवतात तेव्हा आणि शाळा सुरू होते तेव्हा, या तीन वेळी हे चक्र सुरू होताना सगळ्यात जास्त दिसतं. दहातल्या नवाहून जास्त मुलांमध्ये यामागे दुसरा कुठलाही आजार नसतो.

तरी आजार नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, मी नाही आणि नेटवर वाचून आईनेही नाही. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल, पहिल्या महिन्यापासूनच त्रास असेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, पायात अशक्तपणा असेल, शी कायम रिबनसारखी बारीक होत असेल किंवा चीर नसताना रक्त येत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. ओजसमध्ये यातलं काहीच नव्हतं, डॉक्टरांनी ते तपासलं होतं, पण मानसीला कोणी एकेक मुद्दा घेऊन सांगितलं नव्हतं, त्यामुळे रात्री तो झोपला की ती त्याचं पोट दाबून बघायची आणि मग मोबाइल घेऊन बसायची. तिला मी डॉक्टरांकडे परत पाठवलं, प्रश्न कागदावर लिहून. नुसतं 'नॉर्मल आहे' ऐकून आईची झोप परत येत नाही, कशावरून नॉर्मल ते कळावं लागतं.

दुसरी गोष्ट निघाली चड्डीची. शाळेतून आला की चड्डीला डाग, कधी पातळ शी, आणि वर्गातली मुलं वास येतो म्हणायला लागली होती. बाबाचं म्हणणं, घोडा झालाय, मुद्दाम करतो, आळस आहे. तिघांना एकत्र बसवून हे बोलणं गरजेचं होतं म्हणून मी एका शनिवारी बाबा आणि आजी दोघांनाही बोलावलं. शी बरेच दिवस साठली की गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जातो, जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक सैल पडावं तसा, मग आलीय ही जाणीवच नीट होत नाही आणि अडकलेल्या खड्याच्या बाजूने वरची पातळ शी झिरपते. मुलाला ते कळतही नाही. म्हणजे चड्डी खराब होणं हे जुलाब नाहीत आणि मस्ती तर मुळीच नाही, पोट गच्च भरल्याची खूण आहे ती. बाबाने यावर फार काही म्हटलं नाही, पण घरी जाताना पोराला खांद्यावर घेतलं, एवढं मी पाहिलं.

आजींशी बोलायला मला जास्त वेळ लागला. त्यांनी तीन मुलं वाढवलीत, आणि विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला की काम होतं हा त्यांचा अनुभव आहे. त्या प्रेमानेच करत होत्या, दोघी मिळून पोराला धरून. मी एवढंच म्हटलं की आजी, त्याला आधीच मागच्या बाजूची भीती बसलीय, धरून काही घातलं की ती वाढते आणि पुढच्या वेळी तो अजून घट्ट आवळतो. देठ, साबणाची कांडी, मनानेच दिलेलं एरंडेल, सगळं बंद. एनिमाची गरज वाटली तर डॉक्टर ठरवतील. त्या हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "मग मी काय करू?" हा प्रश्न फार चांगला होता, कारण घरात पूर्ण दिवस त्याच असतात.

आता औषधाचं. डॉक्टरांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली होती, मानसीने चार दिवस दिली, शी झाली आणि तिने बंद केली, कारण सवय लागेल ही भीती. मग परत तेच, असं दोन-तीनदा झालेलं. ही भीती मला इतक्या घरांत भेटते आणि तिच्यामुळेच मुलांचे हाल लांबतात असं माझं स्पष्ट मत आहे. ही पावडर आतड्याला ढोसत नाही, पाणी धरून ठेवते आणि शी मऊ ठेवते, आतडं तिच्यावाचून चालेनासं होत नाही. आधी काही दिवस जास्त डोसने साठलेलं सगळं बाहेर काढायचं आणि मग रोजचा डोस चालू ठेवायचा, वजनाप्रमाणे, डॉक्टर सांगतील तसा. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या २०१४ च्या सूचनांत रोजचा डोस निदान दोन महिने, आणि सगळी लक्षणं जाऊन निदान एक महिना झाल्यावरच हळूहळू कमी करायचा असं आहे, प्रत्यक्षात बऱ्याच मुलांना यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. शी मऊ झाल्यावर दुखणं जातं, पण दुखेल ही भीती जायला वेळ लागतो, आणि मधे एकदा जरी खडा झाला तरी मूल परत पहिल्या पायरीवर. त्याच सूचनांत जास्तीचं पाणी आणि खाण्यातला जास्तीचा चोथा (फायबर) यांनी हा त्रास बरा होतो असा पुरावा नसल्याचंही म्हटलंय, वयाला साजेसं नेहमीइतकं पुरे. मी हे मुद्दाम सांगते कारण पोरामागे पाण्याची बाटली आणि पपईची बशी घेऊन धावणाऱ्या आया मी रोज बघते. ओजसचं दूध मात्र कमी करावं लागलं, तीन मोठे ग्लास पिऊन तो पोळीभाजी खायचाच नाही. ते आजींनी केलं, संध्याकाळचा ग्लास काढून थालीपीठ आणि ताक.

भरलेलं पोट साफ करायचं काम त्यांनी जोडून आलेल्या सुट्ट्यांत केलं, शाळा नाही आणि मानसीलाही रजा. त्यानंतर बसायची वेळ ठरवायची होती. सगळे सकाळची सांगतात, पण घोडबंदरला स्कूल बस पावणेसातला येते, मेट्रोच्या कामाने रस्ता असा की बस कोणासाठी थांबत नाही, झोपेतल्या पोराला कमोडवर बसवून घड्याळाकडे बघत चल लवकर म्हणायचं, यात कुठलं पोट मोकळं होणार. जेवल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून आम्ही शाळेतून आल्यावरचं जेवण आणि रात्रीचं जेवण धरलं, त्यानंतर पाच मिनिटं बसायचं, झाली तर झाली. कमोडवर लहान मुलांची सीट, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली देवघरातला जुना पाट, गुडघे कमरेच्या वर येतील असा. हातात साबणाच्या फुग्यांची बाटली, कारण फुंकर मारताना पोटाचा दाब येतो आणि खालचा भाग ढिला पडतो, आणि जोर लाव म्हणायची गरजच उरत नाही. बाजूला स्टुलावर बसून आजीने गोष्ट सांगायची. स्टिकर मिळायचा तो बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही, कारण बसणं त्याच्या हातात आहे.

मानसीसाठी एकच नियम होता आणि तिला तोच सगळ्यात जड गेला. दिवसभरात ओजसला शी झाली का विचारायचं नाही. ऑफिसमधून फोन करून नाही, दारातून आत आल्या आल्या नाही. आजी रात्री वहीत एक खूण करतील, मानसीने तो झोपल्यावर बघायचं आणि नवऱ्याशी काय ते बोलून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात मला मेसेज आला, "मॅडम, विचारायचं नाही तर मग आल्यावर त्याच्याशी बोलू काय तेच सुचत नाही." हे तिने लिहिलं ते मला फार मोलाचं वाटलं. मी म्हटलं, आज ब्लॉक्सचं काय बनवलं ते विचारा.

आणि माझं कुठे चुकलं, याचं उत्तर मी तिला असं दिलं की प्लेग्रुपवाले डायपर चालणार नाही म्हणाले म्हणून तुम्ही घाईने सोडवला, ताप आला तेव्हा तो जेवला नाही, ही चूक नव्हे, हे प्रत्येक घरात होतं. एका दुखऱ्या अनुभवाला एका लहान मुलाने त्याच्या समजेप्रमाणे उत्तर शोधलं, एवढंच झालंय. ती रडली, बराच वेळ. रडू दिलं.

शाळेत तिने बाईंना भेटून सांगितलं, औषध चालू आहे, हात वर न करता त्याला जाऊ द्या, दप्तरात जादा चड्डी आहे आणि वर्गासमोर काही बोलू नका. बाईंनी मावशींना सांगून ठेवलं. तिथल्या टॉयलेटला आतून कडी लागत नाही आणि म्हणून तो दिवसभर धरतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दोन महिन्यांत डाग थांबले, बहुतेक दिवशी मऊ शी. मग गणपतीला ही मंडळी चिपळूणकडे गावी गेली. घराबाहेरचा संडास, अंधार, भारतीय पद्धतीचा, त्यात मोदक आणि पाहुणे, ओजसने चार दिवस केली नाही आणि खांबाआड पाय आवळून उभा. तिथल्या काकींनी एरंडेल काढलं होतं. मानसीने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे डोस काही दिवस वाढवला, आणि दुपारच्या जेवणानंतर बाबा टॉर्च घेऊन त्याच्यासोबत जाऊन दाराशी उभा राहायला लागला. पाचव्या दिवशी झाली. परत आल्यावर ती मला म्हणाली की मॅडम, मी घाबरले पण त्याला दिसू दिलं नाही. असे प्रसंग परत येतील, परीक्षा असेल, आजारपण असेल, प्रवास असेल, तेव्हा काय करायचं ते तिला आता माहितीय. सध्या डोस थोडा उतरवलाय, शाळेतल्या दाराला कडी बसलीय, आणि औषध अजून कमी करायचं की इतकंच ठेवायचं ते दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टर बघून ठरवतील.