आफ्रिकेतल्या संस्था एकत्र येऊन शाश्वत विकासाबाबत सरकारांना खरंच हलवू शकतात का?

हो, हलवू शकतात, पण कायदा पदरात पाडून घेणं जमतं तितकी अंमलबजावणी जमत नाही. मापुटो प्रोटोकॉल, म्हणजे महिला हक्कांबाबतचा आफ्रिकी देशांमधला करार बघा. आफ्रिकन युनियनने तो जुलै 2003 मध्ये स्वीकारला, पण लागू व्हायला 15 देशांची मंजुरी हवी होती आणि बहुतेक सरकारं ढिम्म. मग 2004 मध्ये अनेक देशांतल्या संघटनांनी ‘सोअर’ नावाची आघाडी उभी केली आणि फुटबॉलसारखी कार्डंच काढली: मंजुरी दिलेल्यांना हिरवं, नुसती सही केलेल्यांना पिवळं, काहीच न केलेल्यांना लाल. चारचौघांत लाल कार्ड कुठल्या मंत्र्याला आवडेल? 25 नोव्हेंबर 2005 ला प्रोटोकॉल लागू झाला. त्यातलं कलम 19 थेट स्त्रियांच्या शाश्वत विकासाच्या हक्काचं आहे; जमिनीवर ताबा, कर्ज, प्रशिक्षण, सगळं त्यात येतं. मात्र मंजुरी देतानाही सरकारं पळवाट ठेवतात. लष्करी खर्च कमी करून पैसा सामाजिक विकासाकडे वळवा असं सांगणारं कलम 10(3) केनियाने 2010 मध्ये मंजुरी देताना सरळ वगळून घेतलं.