पुण्यात माझी छोटी खानावळ आहे. रोजचा कचरा डेपोत जाऊ नये म्हणून काय करावं?

उष्टं-खरकटं भांडी घासायच्या जागीच वेगळं काढा, निम्मं काम तिथेच होतं. हॉटेलांना कचऱ्याची घडी बसवून द्यायचं काम मी करतो, आणि घोळ बहुतेक मोरीपाशीच होताना बघतो. उरलेल्या आमटीत दुधाची पिशवी पडली की खत बिघडतं आणि पिशवी भंगारवालाही घेत नाही. तीच विसळून वाळवलीत तर विकली जाते. सालं, देठं आणि उष्टं यांतलं पाणी निथळून, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून खताच्या पिंपात टाका. पुठ्ठा, बाटल्या, डबे कोरडे ठेवून ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांना द्या. तळणीचं तेल मोरीत कधीच ओतू नका. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे ध्रुवीय घटक (टीपीसी) २५ टक्क्यांवर गेले की एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने ते खाण्यात वापरता येत नाही; बायोडिझेलसाठी तेल नेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे ते कॅनमध्ये साठवून द्या.

मटण-मासळी करत असाल तर मात्र हाडं, काटे पिंपात नकोत. वास सुटतो, घुशी लागतात. तेवढं महापालिकेच्या गाडीतच द्यावं लागेल.