आतड्याचा दाह आणि नैराश्य

प्रश्न : माझ्या 34 वर्षांच्या भावाला चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) आहे. अलीकडे त्याची झोप उडाली असून तो कोणाशी बोलत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आहेत. परंतु एका परिचितांच्या मते हे सारे आतड्याला ‘गळती’ लागल्याने झाले आहे आणि त्यांच्याकडील पावडर घेतल्यास गोळ्या सोडता येतील. यात तथ्य किती? — एक वाचक, सांगली

उत्तर : परिचितांचे पहिले विधान निराधार नाही, दुसरे धोक्याचे आहे.

आतड्याच्या आतील अस्तरात पेशींचा एकच थर असतो आणि त्या पेशी प्रथिनांच्या सांध्यांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. कोलायटिसमधील दाहाने हे सांधे सैल पडतात, जिवाणूंच्या आवरणातील काही घटक आत झिरपतात आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींनी सोडलेल्या दाहकारक रेणूंचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो. तापात अन्नावरची वासना उडते, माणसे नकोशी होतात, ती याच रेणूंची करामत. हिपॅटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा या अशाच एका रेणूची इंजेक्शने दिली जात; ती घेताना अनेकांना नैराश्य आले, त्यांत पूर्वी कधीही मानसिक आजार न झालेलेही होते.

मात्र म्हणून प्रत्येक नैराश्याचे मूळ दाहात शोधता येत नाही. कोलायटिसवरच वापरले जाणारे इन्फ्लिक्झिमॅब हे दाहकारक रेणूला रोखणारे औषध अमेरिकेत नेहमीच्या उपचारांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या 60 रुग्णांवर अजमावले गेले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरसकट पाहता ते औषधविरहित द्रावणापेक्षा सरस ठरले नाही. रक्तातील सीआरपी (दाह दर्शवणारे प्रथिन) मुळातच वाढलेल्यांमध्ये तेवढी फायद्याची चिन्हे दिसली.

शिवाय ही वाट दुहेरी आहे. बेल्जियममधील लूव्हेन येथे निरोगी तरुणांना भाषण करायला लावले, तेव्हा ज्यांचे कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) लक्षणीय वाढले त्यांच्या लहान आतड्याची पारगम्यताही, म्हणजे अस्तरातून झिरपण्याचे प्रमाणही, वाढली. (परीक्षेच्या सकाळी पोट बिघडणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.) त्यामुळे भावाच्या मनावरील उपचार हे आतड्याच्या उपचारांपासून वेगळे काढता येणार नाहीत, आणि त्या गोळ्या अचानक बंद करणे तर मुळीच योग्य नाही. कोणतीही पावडर अस्तर सांधून नैराश्य घालवते, असा पुरावा नाही.

पोटविकारतज्ज्ञांना भेटून शौचातील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन तपासून घ्यावे. दाह पुन्हा उसळला असल्यास त्यावरून अंदाज येतो. रक्तस्रावाने हिमोग्लोबिन व लोह घटले असेल, तर नुसत्या थकव्यानेही माणूस गप्प होतो. तो प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत असल्यास दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण स्टेरॉइडने झोप उडते आणि मनःस्थितीही बिघडू शकते. जगणे नकोसे झाल्याची भाषा त्याने केली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.